काचेतल्या थाळीचं म्हणणं

मी बोलतेय. इकडे, जरा खाली बघा. हॉटेलच्या दाराला लागून काचेचं छोटं कपाट आहे ना, त्यातली थाळी. लाकडी ट्रे, त्यावर भाताचा वाडगा, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, भाजलेल्या माशाचा भलामोठा तुकडा, गुंडाळलेल्या आमलेटच्या तीन चकत्या आणि मुळ्याचं लोणचं. भूक लागली असेल तर सांभाळून. मला चावलात तर दात हातात येतील. ट्रे आणि वाडगे सोडले तर मी सगळी प्लास्टिकची आहे.

जपानी जेवणाच्या हॉटेलांची ही रीतच आहे. आत जे मिळतं ते बाहेर काचेत मांडून ठेवायचं, म्हणजे ज्याला नावं उच्चारता येत नाहीत त्याला नुसतं बोट दाखवून मागता येतं. माझ्या शेजारी एक लहानशी पाटी उभी आहे. ‘दुपारचं जेवण’ आणि खाली किंमत. ह्या गल्लीत शिवणयंत्र चालवणाऱ्या बाईलाही परवडेल अशी. शाई कितीदा तरी उडाली, कितीदा गिरवली गेली, पण आकडा तोच राहिला.

लोक म्हणतात, काचेआडची वस्तू नशीबवान. धूळ नाही, धक्का नाही. म्हणायला लोकांचं काय जातं? मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं आणि बोलायला तोंड नाही. ज्या घरात चार मोठी माणसं बसलेली असतात, त्या घरातल्या तरुण मुलींना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

माझा जन्म एका साचेवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे गॅरेजएवढी खोली. तिथे टेबलावर खरं अन्न मांडायचं, त्यावर रबरासारखा घट्ट होणारा द्रव ओतायचा, तो आळला की अन्न काढून फेकायचं आणि राहिलेल्या पोकळीत प्लास्टिक ओतून भट्टीत भाजायचं. साच्याने जे पाहिलं ते माझ्यात उतरलं. म्हणून मला माझ्या जन्माआधीचं बोलणंही आठवतं.

ते खरं अन्न घेऊन आली होती ह्या हॉटेलची मालकीणबाई. तिचा नवरा एका मोठ्या हॉटेलात जपानी उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. पुढे त्याने ह्या गल्लीत स्वतःचं चार टेबलांचं हॉटेल काढलं. ते उघडायचं फक्त संध्याकाळी. दुपारच्या जेवणाची कल्पना हिची. आजूबाजूला शिवणकामाची दुकानं, छापखाना, शाळा, दवाखाना. सगळे दुपारी डब्यातलं गारढोण खात बसायचे. ‘ह्यांना दोन घास गरम मिळाले तर काय वाईट?’ असं म्हणून तिने सगळं डोक्यात पक्कं केलं. काय द्यायचं, किती द्यायचं, केवढ्याला द्यायचं. पाटीसुद्धा तिनेच रंगवली. नवऱ्याने एवढंच म्हटलं, “दुपारचं तुझं तू बघ, मला संध्याकाळचं पुरे आहे.”

तिने डबा उघडून टेबलावर थाळी मांडली, तसा साचेवाल्याने चष्मा वर सरकवला.

“वहिनी, हा मासा आहे की मासळीची आठवण?”

“का हो भाऊ? ह्या किमतीत अर्धाच तुकडा बसतो. दुपारी मी एवढाच वाढणार आहे.”

“वाढा की! वाढायला कोण नको म्हणतंय? पण काचेतून सगळं आक्रसून दिसतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल लोणच्याची फोड आहे. काचेत अख्खा तुकडा ठेवा. सगळेच ठेवतात.”

“म्हणजे लोकांना फसवायचं?”

“फसवायचं काय त्यात? लग्नाच्या फोटोत तुम्ही घरातला गाऊन घालून उभ्या राहिला होतात का?”

ती खळखळून हसली. डब्यात संध्याकाळसाठी घेतलेला एक अख्खा भाजलेला तुकडा होता, तो तिने शेजारचं टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर आणि पालेभाजी काढून त्या जागी ठेवला. आमलेटच्या दोन चकत्या होत्या, त्याच्या तीन केल्या. भाताला डोंगरासारखं शिखर काढलं. तिसरी चकती दाटीने बसवताना तिचा अंगठा आमलेटमध्ये रुतला आणि खळगा पडला.

“अगंबाई! हे नीट करू का?”

“राहू द्या. हाताचं वाटतं.”

निघताना ती दारातून पुन्हा मागे वळली. “भाऊ, थाळी पोचवायला याल तेव्हा आमच्या ह्यांना तेवढं सांगा हं, की ही नुसती दाखवायची आहे. मीही सांगेनच, पण माझं ते एका कानाने ऐकतात. नाहीतर उद्या एवढंच वाढत बसतील आणि आम्ही सगळे रस्त्यावर येऊ.”

“सांगतो की. त्यात काय!”

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. तो उतरलाच नाही.

साचेवाला मला कागदात गुंडाळून घेऊन आला तेव्हा हॉटेलच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. मालक एका कोपऱ्यात बसले होते. मांडीवर लेक. तिला नुकतं चालता यायला लागलं होतं. साचेवाल्याने मला हळूच टेबलावर ठेवलं आणि कागद सोडला. मालक माझ्यावर वाकले. मग त्यांचं बोट त्या खळग्यावर थांबलं.

“हे तिचंच,” ते म्हणाले. “म्हणजे असं वाढायचं ठरवलं होतं तिने. एवढं भरभरून. आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही, की बाई, दुपारी काय वाढणार आहेस.”

साचेवाल्याने तोंड उघडलं. मी जीव मुठीत धरून वाट बघितली. म्हणजे जीव आणि मूठ असती तर धरली असती. पण त्याने तोंड मिटलं. पाठीवर हात ठेवला, “सावरा मालक,” म्हणाला आणि निघून गेला.

मला त्याचा आजही राग येतो. दुःखात कसं बोलायचं, म्हणे. मग दुःख ओसरल्यावर बोलायचं! पुढच्या महिन्यात बोलायचं, पुढच्या वर्षी बोलायचं! मोठ्या माणसांचं हे असंच असतं. मुलीने केस किती कापावेत, नोकरी कुठे करावी, यावर न विचारता तासभर बोलतील, आणि जिथे एका वाक्याने कुणाचं आयुष्य मार्गी लागलं असतं, तिथे ह्यांचा कंठ दाटून येतो.

तर दुपारचं जेवण सुरू झालं. किंमत पाटीवरची आणि ऐवज माझा. मालकांनी नियमच केला, काचेत जे दिसतं तेच ताटात पडलं पाहिजे. रोज सकाळी मासा कापून झाला की ते एक कच्चा तुकडा बशीत घेऊन रस्त्यावर येत, काचेला टेकवून माझ्यातल्या माशाशी ताडून बघत. तसूभर लहान असला तर तो बाजूला आणि दुसरा कापायचा. समोरची टेलरबाई खिडकीतून ओरडायची, “काय मालक, जुळली का पत्रिका?” मालक मान डोलवायचे. गल्ली हसायची. आणि मी काचेच्या आत बसून रोज सकाळी तोच खोटा दाखला द्यायची.

गर्दी तर होणारच होती. एवढ्या पैशात एवढा मासा दुसरीकडे कुठे मिळणार? निवृत्त मास्तर रोज पहिल्या टेबलावर येऊन बसायचे आणि जेवायच्या लाकडी जोडकाड्या मोडून सुट्या करता करता म्हणायचे, “असा माणूस आता होणे नाही.” सगळे माना हलवायचे आणि सूप आणखी मागायचे. चांगला मासा सगळा दुपारीच संपायचा, म्हणून संध्याकाळचं गिऱ्हाईक उरल्यासुरल्यावर भागवून कंटाळलं आणि एकेक करत दुसरीकडे गेलं. हॉटेल चालायचं ते संध्याकाळच्या जिवावर, हे मालकीणबाईला माहीत होतं. मालकांना कळलं तेव्हा संध्याकाळ उरलीच नव्हती.

आणि लेक? ती माशाच्या डोक्यांवर आणि शेपट्यांवर वाढली. लोकांच्या ताटात मधला तुकडा, घरच्यांच्या ताटात काटे. काटे काढता काढता तिची जीभही तशीच झाली असावी. गल्लीत तिला सगळे ‘ठसका’ म्हणायचे, कारण ती बोलली की समोरच्याला लागायचाच.

ठसका कॉलेज संपवून स्वयंपाकघरात उभी राहिली. हौसेने, हं. कुणी ढकललं नाही. तिचा हात आईसारखाच होता. हे मीच सांगू शकते, कारण दोघींचं आमलेट मला ठाऊक आहे. पण पहिल्याच महिन्यात तिला सगळं कळून चुकलं.

“बाबा, हे चालणार नाही. एक तर मासा अर्धा करू, नाहीतर किंमत वाढवू. दोन्ही नको असेल तर मला सरळ सांगा, मी दाराला कुलूप आणते.”

“तुझ्या आईने ठरवलंय ते, बाळा.”

“आईने ठरवलं तेव्हा मासा काय भावाने मिळत होता?”

“शब्द दिला की भाव बघायचा नसतो.”

“शब्द कुणी दिला? ती तर बिचारी एक ताटही वाढायला राहिली नाही!”

मालक उठून बाहेर आले आणि माझी काच पुसायला लागले. काही बोलायचं नसलं की ते हेच करायचे. काच इतकी स्वच्छ मी गल्लीत दुसरी पाहिली नाही.

मग एके दिवशी मालकांना गुडघा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. ठसकाने तेवढीच संधी साधली. तिने स्वतःची थाळी लावली. माशाचा अर्धा तुकडा, खरपूस भाजलेला. शेजारी टोफू आणि पालेभाजी तिळाच्या कुटात घोळलेली. आमलेटच्या दोन चकत्या. भात नेटका. उघड्या दारातून मला आतल्या टेबलांवर जाणारे ट्रे दिसले आणि मी थक्क झाले. ते साच्याखाली जाण्याआधीचं पहिलं ताट होतं! तिच्या आईने डब्यातून काढलेलं, साचेवाल्याने नाक मुरडलेलं. मुलीने ते कधी पाहिलं नव्हतं, तरी बरोब्बर तेच वाढलं होतं.

टेलरबाईने एक घास घेतला आणि डोळे मिटले. “आज काय वेगळंच! छान लागतंय गं.” पण मास्तर काड्या खाली ठेवून उठले, बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत गेले.

“मुली, काचेत तर अख्खा मासा आहे.”

“मास्तर, काचेतला मासा प्लास्टिकचा आहे. त्याला कुणी बाजारातून आणत नाही.”

“तसं नव्हे, पण नियम म्हणजे नियम. तुझे वडील असते तर…”

“वडील असते तर त्यांनी स्वतःच्या ताटातलं काढून तुम्हाला वाढलं असतं. रोज तेच करतात. तुम्ही कधी विचारलंत, ते काय जेवतात?”

आणि नेमके तेव्हाच मालक लंगडत दारात उभे होते. त्यांनी टेबलांवरची ताटं बघितली. चपला काढल्या, हात धुतले, राहिलेले सगळे तुकडे तव्यावर टाकले आणि प्रत्येक ताटात उरलेला अर्धा नेऊन ठेवला. “चूक झाली, माफ करा,” असं प्रत्येकाला म्हणत. मास्तरांनी नको नको म्हणत खाल्लं. टेलरबाई मात्र उठून गेली, तिचा अर्धा तुकडा तसाच राहिला.

ठसका तव्याकडे पाठ करून उभी होती. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, सगळ्यांना समजूत काढायला काहीतरी मिळालं असतं.

पण ती हार मानणारी नव्हे. तिने साचेवाल्याला शोधून काढलं आणि बोलावून घेतलं. म्हातारा झाला होता, हात थरथरत होते, कारखाना सून चालवत होती. ठसकाने त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं.

“काका, मला ही थाळी नव्याने करून हवी आहे. अशीच, फक्त मासा अर्धा, चकत्या दोन. बाबा माझं ऐकत नाहीत, पण ह्या काचेचं ऐकतात. उद्या काचेत लहान दिसलं तर ताटातही लहान होईल.”

काय डोकं होतं पोरीचं! साचेवाल्याने मला ओळखलं. खळगा बघितला. त्याचा श्वास काचेवर उमटला.

“पोरी,” तो म्हणाला, “तुझ्या आईने त्या दिवशी…”

बोल. मी आतून ओरडत होते. बोल, म्हाताऱ्या, आता तरी बोल.

आणि मालक बाहेर आले. साचेवाल्याला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला आतल्या आत धस्स झालं. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. “तुम्ही! अहो, तुमच्या हाताने ती इथे राहिली माझ्यापाशी. रोज सकाळी तिच्याशी मासा ताडून बघतो. एक दिवस चुकलो नाही. तिच्या शब्दाखातर सगळं सोसलं, पण तसूभर कमी केलं नाही. तुम्हीच सांगा, हुबेहूब आहे ना? असंच वाढलं होतं ना तिने?”

साचेवाला माझ्याकडे बघत राहिला, मग मालकांकडे.

“हो,” तो म्हणाला. “अगदी असंच.”

मालक चहा टाकायला आत गेले. ठसका पुढे झाली. “काका, तुम्ही आईचं काय सांगत होतात?”

“काही नाही गं. वय झालं. विसरलो.”

“आणि नवी थाळी?”

“ती माझ्याच्याने होणार नाही, बाळा. बापाचं मन मोडू नये.”

बापाचं मन मोडू नये! आणि मुलीचं आयुष्य मोडलं तरी चालेल. ह्या सगळ्या चांगल्या माणसांचा मला वीट आलाय. एकही दुष्ट नाही हो ह्यांच्यात. दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्या रात्री नव्हे, आठवडाभराने, लख्ख सकाळी, ठसका पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. परगावी एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर तिला मिळालं होतं. जाण्याआधी तिने कपाट उघडलं आणि मला पुसायला घेतलं. पुसता पुसता तिचा अंगठा आमलेटवरच्या त्या खळग्यात जाऊन बसला. असा चपखल, की जणू तिच्यासाठीच ठेवला होता. ती थबकली. बाबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं की हा खळगा कुणाचा. स्वतःपुरतं जपून ठेवलं होतं त्यांनी.

“साच्यात खोट दिसते,” ती म्हणाली आणि अंगठा काढून घेतला. मग मला जागेवर ठेवून अगदी हळू म्हणाली, “फोडणारच होते तुला. पण तू आईची आहेस म्हणे.”

मालक दारातच होते. “पोचल्यावर फोन कर.”

“करते. तुम्ही काटे खाऊ नका, बाबा. एखादा तरी तुकडा स्वतःला ठेवा.”

“ठेवीन.”

ठेवत नाहीत.

आता मी अशी आहे. उन्हाने माझा मासा पांढुरका पडलाय, सुपावर बारीक भेगा गेल्यात, मुळ्याचा रंग कुठे गेला तो गेलाच. आत एकच टेबल उरलंय. मालक एकट्याने जमतील तेवढीच ताटं करतात. मास्तर येतात, ‘असा माणूस आता होणे नाही’ म्हणतात, आणि दिवसेंदिवस ते खरं होत चाललंय. टेलरबाई येत नाही, पण सकाळी खिडकीतून बघते. पत्रिका जुळली का, हे आता ती विचारत नाही. मालक बशी घेऊन लंगडत बाहेर येतात, काचेला टेकतात, डोळे बारीक करून मोजतात. कधी कधी त्यांना नीट दिसत नाही, मग ते आणखी मोठा तुकडा कापतात, कमी पडायला नको म्हणून.

काल एक बाई तिच्या छोट्या मुलीचा हात धरून चालली होती. मुलीने काचेला नाक लावलं. “आई, केवढा मोठा मासा!”

“चल गं,” आई म्हणाली, “खोटा आहे तो. नुसता दाखवायला ठेवलाय.”

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी तरी खरं बोललं, आणि तेही काचेबाहेर, चालता चालता. आत गॅसचा आवाज होता. मालकांना ऐकू गेलं नाही.

तुम्ही एवढा वेळ थांबून माझं ऐकलंत. तुम्हाला तोंड आहे. दार ढकला, उघडंच असतं, वरची घंटी जरा अडकते तेवढीच. आत एक म्हातारा माणूस पाठमोरा उभा राहून मासा कापत असेल. त्याला घाबरू नका, तो फार चांगला माणूस आहे, तीच तर अडचण आहे. त्याला म्हणावं, तुमच्या बायकोने अर्धाच तुकडा ठरवला होता. आणि तुमच्या मुलीने त्या दिवशी वाढलं होतं, तेच खरं ताट होतं.

आणि मग त्याच्या हाताला धरून त्याला फोनपाशी न्या.